विंचूदंश आणि प्राझोसिन: एका प्रश्नाच्या आधारे पबमेडमधील शोध

एमडी, एमएस, एमएस्सी नर्सिंग किंवा आयुर्वेदाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की थोड्याच दिवसांत सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा नियोजित आराखडा, सादर करण्याची वेळ येते आणि ‘पूर्वी झालेल्या संशोधनाचा आढावा’ हे प्रकरण समोर उभे राहते. वॉर्डची ड्युटी सांभाळून रात्री उशिरा संगणकासमोर बसलेला विद्यार्थी बहुधा गुगलमध्ये विषयाचे नाव टाकतो, पहिल्या पानावर आलेले चार-पाच निबंध उतरवून घेतो, त्यांच्या शेवटच्या संदर्भसूचीतून आणखी काही नावे उचलतो आणि प्रकरण पूर्ण करतो. या पद्धतीत दोष असा की काय सापडले ते दिसते, पण काय निसटले ते कधीच कळत नाही. परीक्षकाने ‘हेच निबंध का निवडले?’ असे विचारले तर त्यावर देण्यासारखे उत्तर नसते.

पद्धतशीर शोधाचा मोठा भाग शोधपेटीच्या बाहेर, कागदावर होतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ वाया जात नाही, हे या मार्गदर्शिकेतून दाखवायचे आहे. त्यासाठी एकच प्रश्न घेऊन तो पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या शोधसाधनात शेवटपर्यंत नेला आहे. तो प्रश्न महाराष्ट्राच्या, विशेषतः कोकणाच्या, वैद्यकीय इतिहासाशी जोडलेला आहे: लाल विंचवाच्या दंशानंतर प्राझोसिन हे औषध एकटे द्यावे की त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलसही द्यावी?

या विषयावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम जगभर उद्धृत केले जाते. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वसूचक लक्षणे सांगणारा त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात १९८२ साली प्रसिद्ध झाला, प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे लेखन त्याच साप्ताहिकात १९८६ साली आले, आणि प्राझोसिन एकटे विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष अशी तुलना करणारी ७० रुग्णांवरील यादृच्छिक (म्हणजे कोणाला कोणता उपचार हे निव्वळ योगायोगावर सोपवणारी) चाचणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह २०११ साली ‘बीएमजे’मध्ये छापून आली. हे निबंध आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे आपला शोध नीट चालतो की नाही, हे तपासण्याची कसोटीही आपसूकच हाती येते. ती कशी वापरायची ते पुढे येईल.

साधन कोणते आणि त्यात काय आहे

पबमेड हे अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा येथील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या ग्रंथालयाचे मोफत शोधसाधन आहे. ते १९९६ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले आणि १९९७ च्या जूनमध्ये सर्वांना विनामूल्य खुले झाले. त्याची मुळे मात्र फार जुनी आहेत. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची, साठच्या दशकातील तिचे संगणकीकरण आणि १९७१ पासूनची मेडलाइन ही ऑनलाइन सेवा, अशा टप्प्यांतून ते घडत आले आहे. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

येथे एक भेद आरंभीच लक्षात ठेवावा. पबमेडमध्ये दिसणारी प्रत्येक नोंद मेडलाइनची नसते. मेडलाइनमध्ये येण्यासाठी नियतकालिकाची निवड व्हावी लागते आणि त्यातील निबंधांना विषयशीर्षके जोडली जातात. याखेरीज पीएमसी नावाच्या संपूर्ण निबंधांच्या संग्रहातूनही असंख्य नोंदी पबमेडमध्ये येतात, आणि त्यांना अशी विषयशीर्षके नसू शकतात. त्यामुळे ‘निबंध पबमेडमध्ये आहे, म्हणजे नियतकालिक उत्तम’ हा आपल्याकडील कॉलेजांमध्ये सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद फारसा भक्कम नाही. याच भेदाचा शोधाच्या तंत्रावरही परिणाम होतो.

पबमेडमध्ये शोध रोमन लिपीतील इंग्रजी शब्दांनीच घ्यावा लागतो. पुढे शोधशब्द देवनागरीत दिले असले तरी ते टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगनेच करायचे आहेत, हे गृहीत धरावे. इतर भाषांतील निबंधांची शीर्षकेही तेथे इंग्रजीत भाषांतरित करून दिलेली असतात. शीर्षक चौकोनी कंसात दिसले तर मूळ निबंध इंग्रजीत नाही असे समजावे.

प्रश्नाची फोड

संगणक उघडण्यापूर्वी प्रश्नाचे चार भाग करून लिहावेत: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून या चौकटीला ‘पिको’ म्हणतात. आपल्या प्रश्नात रुग्ण म्हणजे लाल विंचवाचा दंश झालेली व्यक्ती, उपचार म्हणजे प्राझोसिन आणि प्रतिविष, तुलना म्हणजे केवळ प्राझोसिन, आणि परिणाम म्हणजे लक्षणे ओसरण्यास लागणारा वेळ, फुप्फुसात पाणी होण्याचे प्रमाण आणि मृत्यू.

चारही भाग लिहून काढायचे असले तरी चारही शोधपेटीत टाकायचे नसतात. बहुतेक वेळा रुग्णाची स्थिती आणि उपचार हे दोन भाग पुरतात. परिणामाचे शब्द घातले की शोध नेमका झाल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात चांगले निबंध गळू लागतात, कारण शोध निबंधाच्या पूर्ण मजकुरात नव्हे तर शीर्षक, गोषवारा आणि विषयशीर्षके एवढ्यातच घेतला जातो. १९८६ च्या ‘लॅन्सेट’मधील लेखनाचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या शीर्षकात प्राझोसिन, हृदयरक्ताभिसरणावरील परिणाम आणि विंचूदंश एवढेच शब्द आहेत; त्यात विंचवाचे शास्त्रीय नाव नाही, प्रतिविषाचा उल्लेख नाही आणि फुप्फुसातील पाण्याचाही नाही. त्या काळातील पुष्कळ नोंदींना, विशेषतः संपादकास पत्र या स्वरूपाच्या लेखनाला, गोषवारा नसतो. अशा नोंदीत शोधण्यासारखा मजकूर म्हणजे मुख्यतः शीर्षकच. तेव्हा तिसरा-चौथा मुद्दा ‘अँड’ने, म्हणजे सगळे मुद्दे एकाच नोंदीत हवेत या अटीने, जोडत गेलो की या विषयातील मूळचा दस्तऐवजच यादीतून नाहीसा होण्याची शक्यता निर्माण होते.

शब्दांची यादी

दोन मुद्दे ठरल्यावर प्रत्येक मुद्द्याखाली, लेखकांनी वापरले असतील असे सर्व शब्द लिहावेत. हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखनात ‘ब्यूथस टॅम्युलस’ असे आढळते, नंतरच्या वैद्यकीय लेखनात ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ असे रूढ झाले, आणि अलीकडे वर्गीकरणतज्ज्ञ ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ असे लिहितात. विंचू तोच असला तरी केवळ मधले नाव घेऊन शोध घेणाऱ्याच्या हातून जुने आणि अगदी नवे असे दोन्ही प्रकारचे लेखन सुटते. दंशासाठी ‘स्टिंग’ हा शब्द आहेच, पण विषबाधेसाठी ‘एन्व्हेनोमेशन’ आणि ‘एन्व्हेनोमिंग’ अशी दोन रूपे चालतात, आणि लॅटिन अमेरिकेतील लेखक ‘स्कॉर्पिऑनिझम’ असाही शब्द वापरतात. प्रतिविषासाठी ‘अँटिव्हेनम’, ‘अँटिव्हेनिन’, ‘अँटिव्हेनीन’ आणि मध्ये जोडरेघ असलेले ‘अँटि-व्हेनम’ इतकी रूपे आहेत. भारतीय लेखक पुष्कळदा ‘अँटि-स्कॉर्पियन व्हेनम सिरम’ असे पूर्ण नाव लिहितात, तेही यादीत हवे. फुप्फुसातील पाण्यासाठी ‘पल्मनरी ईडीमा’ची अमेरिकन स्पेलिंग ‘ई’ने आणि ब्रिटिश स्पेलिंग ‘ओ-ई’ने सुरू होते. आपण हा मुद्दा शोधात घेणार नसलो तरी अन्य विषयांत ॲनिमिया, डायरिया, पीडियाट्रिक यांसारख्या शब्दांबाबत हा फरक नेहमी आडवा येतो.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना ही यादी आणखी काळजीपूर्वक करावी लागते, कारण वनस्पतीचे लॅटिन नाव, संस्कृत नावाची रोमन लिपीतील दोन-तीन स्पेलिंग आणि हिंदी-मराठी नाव हे सगळे लेखनात मिसळलेले असते. अश्वगंधेसाठी ‘विथानिया सोम्निफेरा’ हवेच, शिवाय ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने लिहिलेली दोन्ही ‘अश्वगंधा’ हवीत. उलट औषधाच्या कंपनीचे नाव यादीत घेण्याची गरज सहसा पडत नाही, कारण निबंधात मूळ औषधनामच असते.

मेश: नियंत्रित विषयशीर्षके

लेखकांच्या या मनमानीवर ग्रंथालयाने शोधलेला उपाय म्हणजे ‘मेश’, म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज ही १९६० पासून चालत आलेली नियंत्रित शब्दसूची. लेखकाने ‘अँटिव्हेनम’ लिहिले काय किंवा ‘अँटि-व्हेनम’ लिहिले काय, मेडलाइनमधील त्या निबंधाला ‘अँटिव्हेनिन्स’ हेच एक शीर्षक जोडले जाते. विंचूदंशासाठी ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ आणि आपल्या औषधासाठी ‘प्राझोसिन’ अशी स्वतंत्र शीर्षके आहेत. पबमेडच्या मुखपृष्ठावरून मेशच्या सूचीत जाता येते. तेथे आपला शब्द टाकला की योग्य शीर्षक, त्याची व्याख्या, त्याचे पर्यायी शब्द आणि शीर्षकांच्या वृक्षातील त्याची जागा दिसते. पर्यायी शब्दांची ती यादी आपल्या कागदावर उतरवून घ्यावी, कारण आपल्याला न सुचलेले दोन-चार शब्द तेथे हमखास मिळतात.

वृक्षातील जागा पाहणे आवश्यक आहे, कारण वरचे शीर्षक घेतले की त्याखालची सगळी आपोआप शोधात येतात. ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’ हे शीर्षक घेतले तर विंचवाबरोबर साप, कोळी आणि कीटकही गोळा होतील. साप चावल्यावरील साहित्य इतके विपुल आहे की त्यात विंचवाचे निबंध शोधणे हाच एक वेगळा उद्योग होऊन बसेल.

मग केवळ मेशवर विसंबून का राहू नये? कारण नुकत्याच आलेल्या नोंदींना ही शीर्षके अजून लागलेली नसतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे मेडलाइनबाहेरच्या नोंदींना ती कधीच लागत नाहीत. शिवाय अलीकडे हे काम माणसांऐवजी संगणकीय पद्धतीने होते, त्यामुळे शीर्षक चुकणे किंवा राहून जाणे शक्य असते. म्हणून प्रत्येक मुद्द्यासाठी मेश शीर्षक आणि साधे शब्द हे दोन्ही ‘ऑर’ने, म्हणजे यांपैकी कोणतेही एक असले तरी चालेल अशा रीतीने, जोडून घ्यावेत.

शोधवाक्याची बांधणी

पबमेडमध्ये ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ हे जोडशब्द मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत लिहावेत. एकाच मुद्द्याचे पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडावेत आणि ते सगळे एका गोल कंसात बंद करावेत, असे दोन कंस मग ‘अँड’ने जोडावेत. कंस विसरल्यास पबमेड वाक्य डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जाते आणि निकाल भलताच येतो.

शब्द कोठे शोधायचा हे सांगण्यासाठी शब्दाला लागून चौकोनी कंसात खूण लिहितात. ‘टीआयएबी’ ही खूण शीर्षक आणि गोषवाऱ्यासाठी, ‘टीआय’ फक्त शीर्षकासाठी, ‘एमएच’ मेश शीर्षकासाठी आणि ‘एयू’ लेखकासाठी आहे. लेखकाचे आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर लिहायची असतात. बावस्कर यांचा शोध ‘बावस्कर एचएस’ असा घ्यावा लागतो. शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की त्या धातूपासून होणारी सर्व रूपे येतात. ‘एन्व्हेनम’ला तारांकन जोडले तर दोन्ही प्रचलित रूपे एकदम मिळतात, आणि ‘अँटिव्हेन’ एवढ्यावर तारांकन दिले तर जोडरेघ नसलेली तिन्ही स्पेलिंग मिळतात. तारांकनापूर्वी किमान चार अक्षरे हवीत.

आपल्या प्रश्नाचे शोधवाक्य आता असे उभे राहते. पहिल्या कंसात ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ला ‘एमएच’ खूण, मग ‘ऑर’, मग ‘स्कॉर्पियन’ला तारांकन आणि ‘टीआयएबी’ खूण, आणि पुढे त्याच प्रकारे विंचवाची तिन्ही शास्त्रीय नावे. दुसऱ्या कंसात ‘प्राझोसिन’ला एकदा ‘एमएच’ आणि एकदा ‘टीआयएबी’ खूण, मध्ये ‘ऑर’. दोन्ही कंसांमध्ये ‘अँड’. प्रतिविषाचे शब्द येथे मुद्दाम घेतलेले नाहीत. विंचूदंश आणि प्राझोसिन यांवरील साहित्य आटोपशीर आहे, म्हणून त्यातील प्रतिविषाचे निबंध डोळ्यांनी वाचून वेगळे काढणे अधिक सुरक्षित. मात्र प्रतिविष विरुद्ध साधे उपचार असा प्रश्न असेल तर ‘अँटिव्हेनिन्स’चा वेगळा कंस लागेल.

खुणा न लावता नुसते शब्द टाकले तर पबमेड आपल्या परीने त्यांचा अर्थ लावते. साध्या शब्दाला जुळणारे मेश शीर्षक शोधून तेही जोडते आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगही सांभाळून घेते. घाईच्या वेळी, ओपीडीत एखादी शंका चटकन पाहायची असेल तेव्हा, ही सोय उत्तम आहे. पण खूण, अवतरणचिन्हे किंवा तारांकन वापरले की ही मदत बंद होते, आणि मग सगळे पर्याय आपणच द्यावे लागतात. पबमेडने आपल्या शब्दांचे नक्की काय केले हे ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर इतिहासाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोरच्या ‘डिटेल्स’मध्ये दिसते. तेथे डोकावण्याची सवय लावून घेतली तर अनपेक्षित निकालाचे कारण बहुतेक वेळा लगेच सापडते.

अवतरणचिन्हांविषयी सावध राहावे. ‘स्कॉर्पियन स्टिंग’ हा शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून तो फक्त शीर्षकात शोधला, तर २०११ चा ‘बीएमजे’मधील निबंध मिळत नाही. त्याच्या शीर्षकात ‘स्कॉर्पियन’ आणि ‘स्टिंग’ हे दोन्ही शब्द आहेत, पण त्यांच्या मध्ये कंसात विंचवाचे दोन शब्दी शास्त्रीय नाव आले आहे. अशा प्रसंगासाठी पबमेडने २०२२ साली सामीप्यशोधाची सोय केली: अवतरणचिन्हांतील शब्दसमूहानंतर चौकोनी कंसात ‘टीआय’ किंवा ‘टीआयएबी’, मग विसर्गासारखे दोन टिंब, नागमोडी चिन्ह आणि एक आकडा लिहायचा. तो आकडा म्हणजे दोन शोधशब्दांच्या मध्ये जास्तीत जास्त किती शब्द चालतील हे होय. येथे आकडा दोन दिला की हा निबंध पुन्हा जाळ्यात येतो.

शोध नेहमी टप्प्याटप्प्याने घ्यावा. आधी पहिला कंस एकटा चालवून किती निकाल आले ते पाहावे, मग दुसरा, आणि शेवटी इतिहासाच्या तक्त्यातील क्रमांक वापरून दोन्ही जोडावेत. स्पेलिंगची चूक झाली असेल तर शून्य किंवा विलक्षण कमी आकडा येऊन ती याच वेळी पकडली जाते. सगळे वाक्य एकदम टाकल्यास ती ‘ऑर’च्या गर्दीत दडून राहते.

कसोटी

आता आधी हेरून ठेवलेले निबंध उपयोगी पडतात. पबमेडच्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा क्रमांक असतो. १९८६ चे आणि २०११ चे लेखन नावाने शोधून त्यांचे क्रमांक टिपून घ्यावेत, ते ‘ऑर’ने जोडावेत आणि आपल्या अंतिम शोधाशी ‘अँड’ करून पाहावेत. दोन्ही आले तर शोध निदान या कसोटीला उतरला. एखादा गळला तर कोणत्या कंसामुळे गळला हे प्रत्येक कंसाशी वेगळे ताडून पाहावे आणि शब्द वाढवावेत. १९८२ चा लक्षणांविषयीचा निबंध या यादीत नाही आला तर त्याची चिंता करू नये. तो विंचूदंशावर प्राझोसिनच्या वापराविषयीच्या लेखनाच्या आधीचा आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिलेला नाही, जरी प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करावाच लागेल.

गाळण्या लावताना

निकालांच्या डाव्या बाजूच्या गाळण्या (फिल्टर) पाहून हात शिवशिवतात, पण त्यांपैकी बऱ्याच घातक आहेत. ‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिचकी मारणे म्हणजे पुराव्याची निवड गुणवत्तेवर नव्हे तर खिशावर करणे. ‘ह्यूमन्स’ ही गाळणी मेशवर चालत असल्यामुळे अजून शीर्षके न लागलेले सगळे ताजे निबंध ती काढून टाकते. प्राण्यांवरील प्रयोग वगळायचेच असतील तर ज्या नोंदींना प्राण्यांचे शीर्षक आहे पण माणसांचे नाही अशाच तेवढ्या ‘नॉट’ने वगळाव्यात. ‘नॉट’ एरवी टाळावेच: मोठ्यांवरील अभ्यास हवेत म्हणून ‘नॉट चिल्ड्रेन’ लिहिले की मुले आणि मोठे दोघेही असलेले अभ्यास जातात, आणि विंचूदंशात तर असे अभ्यास भरपूर आहेत.

यादृच्छिक चाचण्या आणि पद्धतशीर आढावे यांच्या गाळण्या मात्र उपयोगी आहेत. याशिवाय ‘क्लिनिकल क्वेरीज’ या वेगळ्या पानावर उपचार, निदान, कारणमीमांसा, रोगाची वाटचाल अशा प्रकारांनुसार तयार चाळण्या मिळतात, आणि प्रत्येकीत व्यापक व काटेकोर असे दोन पर्याय असतात. प्रबंधासाठी व्यापक, रुग्णासमोरच्या प्रश्नासाठी काटेकोर, असा साधा नियम पुरेसा आहे. निकालांचा क्रम मुळात ‘बेस्ट मॅच’ असा असतो. आढाव्यासाठी संपूर्ण यादी पाहायची असल्यामुळे तो बदलून प्रकाशनाच्या तारखेनुसार करावा.

पबमेडच्या पलीकडे

एकाच साधनावर थांबणे योग्य नाही. उपचारांविषयीच्या प्रश्नासाठी कॉक्रेन लायब्ररी हा पद्धतशीर आढाव्यांचा संग्रह पाहावाच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ साली तिची देशव्यापी वर्गणी भरून भारतातून ती सर्वांना खुली केली होती, आणि आढाव्यांचे साध्या भाषेतील सारांश तर जगात कोणालाही वाचता येतात. एम्बेस हा संग्रह औषधांच्या बाबतीत समृद्ध आहे, पण पैसे मोजावे लागतात, म्हणून संस्थेकडे तो असेल तरच. विंचूदंश हा ब्राझील आणि मेक्सिकोतीलही मोठा प्रश्न असल्यामुळे साओ पाउलोहून चालणारा लिलॅक्स हा मोफत लॅटिन अमेरिकी संग्रह या विषयात चाळण्यासारखा आहे. मात्र तेथील विंचू वेगळे, त्यांचे विष वेगळे, त्यामुळे तिथल्या प्रतिविषाच्या चाचण्यांचे निष्कर्ष कोकणातल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतात सुरू असलेल्या किंवा पूर्ण होऊनही प्रसिद्ध न झालेल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही २००७ पासूनची नोंदवही पाहावी. २००९ पासून आपल्याकडे चाचणीची नोंदणी बंधनकारक आहे.

गुगल स्कॉलर संपूर्ण मजकुरात शोध घेते हा त्याचा मोठा फायदा, पण आज मिळालेली यादी उद्या तशीच मिळेल याची खात्री नाही आणि एका शोधात हजाराच्या पुढचे निकाल ते दाखवत नाही. त्याचा खरा उपयोग पुढच्या दिशेने माग काढण्यासाठी आहे: २०११ च्या निबंधाखालील ‘साइटेड बाय’ उघडले की त्यानंतर या प्रश्नावर कोणी काय लिहिले ते एका रांगेत दिसते. संवादी एआय साधनांना संदर्भ मागणे हा अलीकडचा सोपा मार्ग आहे आणि तो धोकादायक आहे, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध ती साधने अगदी खऱ्यासारखे लिहून देतात. त्यांच्याकडून पर्यायी शब्द सुचवून घेण्यास हरकत नाही. संदर्भ मात्र पीएमआयडी टाकून स्वतः पाहिल्याशिवाय एकही घेऊ नये.

पूर्ण निबंध मिळवणे

पबमेडच्या नोंदीच्या उजव्या बाजूस प्रकाशकाचा आणि पीएमसीचा दुवा असतो. ‘बीएमजे’मधील आपला निबंध मोफत वाचता येतो. जे कुलूपबंद असतात त्यांच्यासाठी सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांनी आधी ग्रंथपालांकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची चौकशी करावी, जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना या योजनेतून तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना कॉलेजच्या आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयाचा आधार घ्यावा लागतो. तरीही न मिळाल्यास लेखकाला दोन ओळींचा ईमेल करावा. बहुतेक लेखकांना आपला निबंध कोणाला तरी हवा आहे याचा आनंदच होतो.

निबंध उघडण्यापूर्वी नोंदीच्या वरच्या बाजूस तो मागे घेतल्याची लाल सूचना नाही ना, हे पाहून घ्यावे. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधील गाजलेला निबंध मे २०२० मध्ये छापून आला आणि दोन आठवड्यांच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मागे घेतला गेला, पण ज्यांनी त्याची पीडीएफ आधीच उतरवून ठेवली होती त्यांच्या प्रतीवर अशी कोणतीही सूचना नव्हती.

नोंद ठेवणे

शोध संपवून खिडकी बंद करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या संग्रहात शोध घेतला, कोणत्या तारखेला, नेमके शोधवाक्य काय होते आणि किती निकाल आले. शोधवाक्य आठवून नव्हे, इतिहासाच्या तक्त्यातून जसेच्या तसे उचलून चिकटवावे. हा तक्ता आठ तास वापर झाला नाही तर पुसला जातो, म्हणून हे काम सकाळवर ढकलू नये. त्यानंतर शीर्षके वाचून किती वगळले, पूर्ण निबंध वाचून किती वगळले आणि का, हेही टिपत जावे. पद्धतशीर आढाव्यासाठी ‘प्रिझ्मा’ नावाच्या नियमावलीतील प्रवाहआकृती यासाठी वापरतात. तिची सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. साध्या प्रबंधाला ती सक्तीची नसली तरी परीक्षकासमोर ती ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रकरणावर फारसे प्रश्न येत नाहीत.

निवडलेले संदर्भ ‘सेंड टू’मधून संदर्भव्यवस्थापकासाठी उतरवून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवावेत, म्हणजे शेवटी व्हँकुव्हर या क्रमांकांनी संदर्भ देण्याच्या पद्धतीने सूची करताना स्वल्पविरामांशी झुंजावे लागत नाही.

सिनॉप्सिस आणि प्रबंध यांच्यात दोन-अडीच वर्षांचे अंतर पडते, आणि तेवढ्यात नवे निबंध येतात. पबमेडच्या शोधपेटीखाली ‘क्रिएट अलर्ट’ असा दुवा आहे. मोफत खाते उघडून तेथे आपले शोधवाक्य साठवले आणि आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा असा कालावधी ठरवला की नव्या नोंदी आपोआप ईमेलने येतात. प्रबंध छपाईला देण्यापूर्वी तेच वाक्य पुन्हा एकदा चालवावे, पहिल्या शोधाच्या तारखेनंतर भर पडलेल्या नोंदी वाचाव्यात आणि प्रकरणात दोन्ही तारखा लिहाव्यात.